पाणी वगळलेला शिधा

डोंगरात आठ-दहा दिवस कोणाच्याही मदतीविना चालणाऱ्या माणसाचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर असते. त्या बिऱ्हाडातील तंबू, झोपण्याची पिशवी, स्टोव्ह आणि कपडे यांचे वजन एकदा ठरले की मुक्काम तीन असोत की दहा, ते तेवढेच राहते. दिवसांबरोबर वाढतो तो मुख्यतः शिधा, आणि म्हणूनच लांब पल्ल्याच्या पदभ्रमणाची आखणी करताना सर्वांत अवघड हिशोब शिध्याचाच ठरतो. दिवसभर ओझे घेऊन चढउतार करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला रोज साधारण ३,००० किलोकॅलरी ऊर्जा लागते असे धरले, तर दहा दिवसांसाठी ३०,००० किलोकॅलरींची सोय करावी लागते. शिजवलेल्या भातातून १०० ग्रॅममागे सुमारे १३० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे ही गरज तयार भातावर भागवायची म्हटल्यास तेवीस किलो भात पाठीवर घ्यावा लागेल आणि त्यातील सुमारे सोळा किलो निव्वळ पाणी असेल. कच्चे डाळ-तांदूळ नेले तर पाण्याचे वजन वाचते हे खरे, परंतु ते शिजवण्यासाठी लागणारे इंधन आणि वेळ यांचा भार वाढतो, शिवाय उंचावर डाळ कुकरखेरीज धड शिजत नाही. अन्न घरीच शिजलेले असावे, त्यातील पाणी मात्र घरीच राहावे आणि मुक्कामावर ओढ्याचे पाणी घालताच ते पुन्हा जेवण व्हावे, या दुहेरी गरजेतून फ्रीझ-ड्राइड जेवण पदभ्रमण करणाऱ्यांच्या सॅकमध्ये आले.

फ्रीझ-ड्राइंग म्हणजे पदार्थ आधी गोठवून मग निर्वात पेटीत वाळवणे. या क्रियेचा आधार असलेल्या तत्त्वाला विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात संप्लवन म्हणतात. स्थायू पदार्थाने द्रवरूप न घेता थेट वायुरूप घेणे, असा त्याचा अर्थ. देव्हाऱ्याजवळ उघडी राहिलेली कापराची वडी वितळून ओघळत नाही, ती नुसतीच झिजत जाऊन एक दिवस नाहीशी होते, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. पाण्याचा बर्फही असाच उडून जाऊ शकतो, मात्र ऊब देऊनही तो न वितळता झपाट्याने उडावा यासाठी भोवतालचा दाब सुमारे ६११ पास्कलच्या खाली, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे १६५व्या भागाहून कमी असावा लागतो; त्या दाबाखाली पाणी द्रवरूपात टिकतच नाही. कारखान्यात शिजवलेले अन्न तबकांवर पसरून शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत गोठवले जाते, पेटीतील हवा पंपांनी ओढून घेतली जाते आणि मग तबकांना हळूहळू ऊब दिली जाते. अन्नातील बर्फ वितळण्याऐवजी वाफ होऊन निघतो आणि पेटीतील अतिथंड नळ्यांवर पुन्हा हिमाच्या रूपाने साचतो. एक किलो बर्फ असा उडवण्यासाठी सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता लागते, तर तेवढेच पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४२० किलोज्यूल पुरतात. त्यात पंप आणि शीतयंत्रे बहुधा अख्खा दिवस चालू ठेवावी लागतात, म्हणून या पाकिटांची किंमत साध्या सुकवलेल्या अन्नापेक्षा बरीच जास्त असते. ही किंमत चवीची नसून विजेची आणि वेळेची आहे, हे समजले की तिच्याबद्दलची तक्रार निम्मी कमी होते.

या खटाटोपाने काय साधते ते मटाराचा एक दाणा हातात घेतला की कळते. उन्हात किंवा गरम हवेत वाळवलेला मटार आक्रसतो, सुरकुततो, दगडासारखा कठीण होतो आणि रात्रभर भिजत घातल्याशिवाय मऊ होत नाही, कारण वाळताना पाणी द्रवरूपातच पृष्ठभागाकडे सरकते, जाताना साखर आणि क्षार बरोबर ओढून नेते आणि आतील पेशींच्या भिंती एकमेकींना चिकटून बसतात. फ्रीझ-ड्राइड मटार मात्र आकाराने ताज्या दाण्याएवढाच राहतो. रंग किंचित फिका पडतो, हाताला तो जवळजवळ बिनवजनाचा लागतो आणि दोन बोटांत चिरडला तर त्याची हिरवी पूड होते. बर्फाचे कण जिथे होते तिथे आता सूक्ष्म पोकळ्या उरलेल्या असतात, म्हणून गरम पाणी पडताच तो पाव जसा दूध पितो तसा पाणी पितो आणि काही मिनिटांत पुन्हा मटार होतो. सांडगे, कुरडया, वाळवलेली गवार हे मराठी घरातील वाळवण पहिल्या जातीचे आहे. ते तळून किंवा बराच वेळ भिजवूनच खावे लागते आणि त्याची गोडीही त्यातच आहे, परंतु दमलेल्या माणसाला थंडीत दहा मिनिटांत जेवण हवे असते तेव्हा ते उपयोगी पडत नाही.

ही युक्ती आधुनिक यंत्रांच्या कितीतरी आधीची आहे. पेरू आणि बोलिव्हियाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, शेतकरी कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत बटाटे उघड्यावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढले जाते आणि कोरड्या उन्हात ते वाळतात. ‘चुन्यो’ नावाचे हे बटाटे वर्षानुवर्षे टिकतात. त्यातील बरेचसे पाणी तुडवून निघत असल्यामुळे ते काटेकोर अर्थाने फ्रीझ-ड्राइंग नव्हे, तरी गोठवण आणि विरळ कोरडी हवा यांची जोड त्यांनी शतकानुशतके आधीच साधली होती. जपानमधील ‘कोया-दोफू’ हे गोठवून वाळवलेले सोयाबीनचे पनीर याच कुळातले. प्रयोगशाळेत निर्वात पेटी वापरून हे प्रथम साधले ते १९०६ मध्ये पॅरिस येथे, आर्सेन द’आर्सोनव्हाल आणि फ्रेडरिक बोर्दा या फ्रेंच शास्त्रज्ञांनी. परंतु पद्धतीचा मोठा वापर सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धात, जखमी सैनिकांसाठी रक्तद्रव कोरडा करून रणभूमीवर पाठवण्यासाठी. भारतात जन्मणाऱ्या बालकांना दिली जाणारी क्षयरोगाविरुद्धची बीसीजी लसही अशाच कोरड्या पुडीच्या रूपात येते आणि टोचण्यापूर्वी द्रावणात विरघळवली जाते. त्या पुडीत जिवंत जिवाणू असतात, ही बाब शिध्याच्या संदर्भातही ध्यानात ठेवण्याजोगी आहे आणि तिचा उल्लेख पुढे येईल.

अन्नाकडे ही पद्धत वळली ती मुख्यतः अमेरिकी सैन्यामुळे. व्हिएतनाम युद्धात जंगलात अनेक दिवस गस्त घालणाऱ्या तुकड्यांना डबाबंद अन्नाचे ओझे झेपत नव्हते, म्हणून १९६०च्या दशकाच्या मध्यास त्यांच्यासाठी पाणी घालून खाण्याचा हलका शिधा तयार झाला. ऑरेगन राज्यातील ऑल्बनी गावी १९६३ मध्ये सुरू झालेली ऑरेगन फ्रीझ ड्राय ही कंपनी असा शिधा बनवू लागली आणि तिचाच ‘माउंटन हाउस’ हा छाप पुढे पदभ्रमण करणाऱ्यांच्या ओळखीचा झाला. त्याच काळात अंतराळवीरांसाठीही असे अन्न वापरात आले. जेमिनी यानांत ते थंड पाण्यातच कालवावे लागे आणि गरम पाण्याची सोय प्रथम अपोलो यानांत झाली. सैनिक, अंतराळवीर आणि डोंगरात चालणारा यांची अडचण मुळात एकच होती, ती म्हणजे वजन.

या जेवणाची खरी कसोटी जिथे लागते अशी एक वाट म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील जॉन म्यूर ट्रेल. योसेमिटीच्या दरीपासून ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीपर्यंत जाणारी ही वाट सुमारे ३४० किलोमीटर लांब आहे आणि तिच्या दक्षिणेकडील भागात वाटेला कुठेही रस्ता छेदत नाही. साधारण निम्म्या वाटेवर म्यूर ट्रेल रँच नावाचे ठिकाण आहे. चालणारे आपला शिधा प्लॅस्टिकच्या बादल्यांत भरून आधीच टपालाने तिथे पाठवून ठेवतात आणि तिथून पुढचे आठ-दहा दिवस बादलीत जे असेल त्यावरच काढायचे असतात. अमेरिकेत, विशेषतः सिलिकॉन व्हॅलीत, राहणाऱ्या मराठी माणसांसाठी सिएराचे डोंगर गाडीने काही तासांच्या अंतरावर असल्यामुळे शिध्याचा हा प्रश्न त्यांनाही परका नाही.

या वाटेवर वजनाइतकाच प्रश्न जागेचा असतो. सिएरातील काळी अस्वले माणसाच्या अन्नाला चटावतात, आणि एकदा चटावलेले अस्वल धीट होऊन अखेर जिवास मुकते, म्हणून वाटेच्या मोठ्या भागात सर्व अन्न कठीण डब्यात ठेवणे बंधनकारक आहे. जाड पॉलिकार्बोनेटचा असा मोठा डबा रिकामा असतानाच सव्वा किलोच्या आसपास भरतो, त्यात साडेअकरा लिटर जागा असते, आणि अन्नाबरोबर टूथपेस्ट, साबण, रिकामी पाकिटे असे वासाचे सगळेच त्यात कोंबावे लागते. फ्रीझ-ड्राइड अन्न वजनाने हलके असले तरी आकाराने आक्रसलेले नसते, आणि पाकिटात नायट्रोजन वायू भरलेला असल्यामुळे ते उशीसारखे फुगीर असते. त्यात भर म्हणजे समुद्रसपाटीजवळ बंद केलेले पाकीट ३,३०० मीटर उंचीवर नेले की बाहेरचा दाब सुमारे एक तृतीयांशाने घटतो आणि आतील वायू दीडपटीपर्यंत पसरू पाहतो. म्हणून अनुभवी लोक घरीच पाकिटे उघडून अन्न साध्या झिप पिशव्यांत भरतात किंवा पाकिटाला टाचणीने भोक पाडून हवा दाबून काढतात आणि वर चिकटपट्टी लावतात. असे केल्याने पाकिटाचे दीर्घ आयुष्य संपते, माउंटन हाउस आपल्या पाकिटांच्या चवीची जी ३० वर्षांची हमी देते ती अर्थातच उरत नाही; परंतु दोन-तीन आठवड्यांत संपणाऱ्या शिध्याला तिची गरजही नसते.

दुकानात निवड करताना पाकिटाची पुढची बाजू जवळपास निरुपयोगी असते. वाफाळलेल्या थाळीचे चित्र बाजूला ठेवून मागचा तक्ता वाचावा. त्यात सर्वांत आधी पाहायचे ते कोरड्या अन्नाचे निव्वळ वजन आणि संपूर्ण पाकिटातील ऊर्जा. अमेरिकी पाकिटावर ‘दोन जणांसाठी’ असे लिहिलेले असते आणि तक्त्यातील मोठे आकडे बहुधा त्या अर्ध्या भागाचे असतात, परंतु वीस किलोमीटर चालून आलेल्या एका माणसाचे पोट त्या दोन भागांनी जेमतेम भरते. म्हणून पूर्ण पाकिटाच्या किलोकॅलरींना ग्रॅममधील वजनाने भागावे. उत्तर साडेचारच्या आसपास किंवा वर आले तर ते पाकीट वाहून नेण्याच्या लायकीचे आहे. साडेतीनच्या जवळ आले तर साध्या पोह्यांतूनही तेवढीच ऊर्जा मिळते आणि मग एवढे पैसे कशासाठी मोजायचे, याचे उत्तर चव किंवा प्रथिने यांत शोधावे लागते. रात्रीच्या जेवणाच्या पाकिटात वीस-तीस ग्रॅम प्रथिने असणे इष्ट, कारण दिवसभर झिजलेल्या स्नायूंची डागडुजी रात्रीच होते.

या पाकिटांत स्निग्धांश बहुधा कमी असतो, आणि त्यामागचे कारण कळले की त्यावरचा उपायही सापडतो. तेल-तुपात पाणी नसतेच, त्यामुळे ते गोठवून वाळवण्यात काही हाती लागत नाही. उलट सच्छिद्र झालेल्या अन्नात पसरलेले तेल हवेशी चटकन संयोग पावून खवट होते, म्हणून उत्पादक ते बेतानेच घालतात. परंतु ऊर्जेच्या दृष्टीने स्निग्ध पदार्थांइतके हलके ओझे दुसरे नाही: पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांतून ग्रॅममागे चार किलोकॅलरी मिळतात, तर तेला-तुपातून नऊ. तेव्हा घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत साजूक तूप न्यावे आणि रोज पाकिटात एक मोठा चमचा घालावे. चौदा ग्रॅम वजनात सुमारे १२५ किलोकॅलरी वाढतात, शिवाय कारखान्यातल्या जेवणाला घरचा वास येतो. अमेरिकेतील चालणारे यासाठी ऑलिव्ह तेलाच्या पुड्या नेतात. तूप निश्चितच सरस आहे, कारण थंडीत ते थिजते आणि सांडत नाही.

मिठाकडेही लक्ष हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम घ्यावे, आणि अनेक पाकिटांत एका पूर्ण पाकिटातच एक हजाराहून अधिक मिलिग्रॅम सोडियम असते. घाम गाळणाऱ्या निरोगी माणसाला ते सहसा बाधत नाही, मात्र रक्तदाबाचा त्रास असलेल्याने वैद्यकीय सल्ला घेऊनच निवड करावी. शाकाहारी व्यक्तीने आणखी सावध राहायला हवे. भारतात विकल्या जाणाऱ्या शाकाहारी पाकिटावर हिरवा ठिपका असतो, अमेरिकेत तो नसतो. भाज्यांचे नाव असलेल्या पदार्थात कोंबडीचे सूप, चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट किंवा गोड पदार्थात जिलेटिन असू शकते, आणि हे फक्त घटकांची यादी अथपासून इतिपर्यंत वाचली तरच कळते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांना तर तयार पाकिटांत फारच थोडी निवड उरते.

याच फळीवर साधी निर्जलित, म्हणजे गरम हवेत वाळवलेली, पाकिटेही असतात आणि कित्येकदा एकाच पाकिटात दोन्ही प्रकारचे घटक मिसळलेले असतात. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सांगितलेला वेळ: पाणी घातल्यावर आठ-दहा मिनिटे थांबायला सांगितले असेल तर ते बहुधा फ्रीझ-ड्राइड, वीस मिनिटे सांगितली असतील तर त्यात निर्जलित भाग मोठा. निर्जलित अन्न कमी जागा घेते आणि चवीला काही वेळा अधिक दाट लागते, तेव्हा ते टाकाऊ नव्हे. फक्त त्याला वेळ आणि इंधन जास्त द्यावे लागते. पदार्थांतही फरक असतो. शिजलेला भात, मटार, मका, मशरूम, खिमा, कोळंबी, अंड्याची भुर्जी हे सर्व बारीक किंवा सच्छिद्र असल्यामुळे पूर्ववत होतात. मांसाचे जाड तुकडे मात्र मधोमध कोरडे आणि चिवट राहतात, म्हणून ज्याच्या नावात मोठे तुकडे आहेत ते पाकीट उंचावरच्या मुक्कामासाठी घेऊ नये.

खाण्याची रीत सोपी भासते, तरी जेवण बिघडते ते याच टप्प्यावर. पाकीट फाडल्यावर पहिले काम म्हणजे आतील लहान पुडी काढून टाकणे. तिच्यात लोहाची भुकटी असते, ती ऑक्सिजन शोषून अन्न टिकवते, पण ती खायची नसते आणि घाईत ती जेवणात राहून जाते. मग पाणी ओतण्यापूर्वी पाकीट हलवून तळाच्या कोपऱ्यांत बसलेला मसाला वर आणावा, मोजून पाणी घालावे आणि लांब दांड्याच्या चमच्याने कोपऱ्यापर्यंत ढवळावे, नाहीतर वर आमटी आणि तळाशी कोरडी खारट पूड अशी स्थिती होते. सांगितल्यापेक्षा थोडे कमी पाणी आधी घालावे हे उत्तम, कारण पाणी वाढवता येते, कमी करता येत नाही. उंचीचा परिणाम इथेच जाणवतो: दर ३०० मीटर चढाईमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने घसरतो, त्यामुळे ३,००० मीटरवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळू लागते आणि बाहेरच्या थंडीत पाकीटही लवकर निवते. दहा मिनिटांऐवजी पंधरा ते वीस मिनिटे थांबणे आणि तेवढा वेळ पाकीट लोकरी टोपीत किंवा जाकिटात गुंडाळून ठेवणे, एवढ्याने टणक दाण्यांची तक्रार मिटते. कित्येक जण त्यासाठी चंदेरी बुडबुड्यांच्या आवरणाची पिशवी घरी शिवून नेतात. पाकिटातच पाणी घालायचे असल्यामुळे भांडे घासावे लागत नाही आणि अर्धा लिटर पाणी उकळायला वारा नसताना गॅसच्या छोट्या स्टोव्हवर साधारण सहा ते दहा ग्रॅम गॅस पुरतो.

आता बीसीजीच्या पुडीकडे परत वळावे लागेल. गोठवून वाळवल्याने सगळे जिवाणू मरत नाहीत, बरेच नुसते निद्रिस्त होतात. जिवाणू जपून ठेवण्यासाठी प्रयोगशाळा हीच पद्धत वापरतात. त्यामुळे पाणी पडेपर्यंत जे अन्न वर्षानुवर्षे सुरक्षित असते ते पाणी पडताच साध्या शिजलेल्या अन्नाच्या पंक्तीला येऊन बसते. कालवलेले पाकीट दोन तासांच्या आत संपवावे आणि उरलेले सकाळच्या न्याहारीसाठी ठेवू नये. त्याचप्रमाणे ते कोरडे खाण्याचा मोहही टाळावा. फळांच्या फोडी चघळायला बऱ्या असतात, पण जेवणाचे अख्खे पाकीट कोरडे खाल्ले तर आधीच पाणी कमी पडलेल्या शरीरातीलच पाणी ते पोटात ओढून घेते.

पाण्याचा हा मुद्दा सह्याद्रीत निर्णायक ठरतो. एका पाकिटाला तीनशे ते पाचशे मिलिलिटर पाणी लागते. सिएरात ते पावलोपावली वाहत असते, तर एप्रिल-मे महिन्यांत आपल्या अनेक गडांवरची कातळात खोदलेली टाकी तळ गाठतात आणि पाणी पायथ्यापासून पाठीवर घ्यावे लागते. अशा वेळी कारखान्यात खर्च करून काढलेले पाणी माणूस स्वतःच्या खांद्यावर पुन्हा चढवतो आणि सगळा हिशोब शून्यावर येतो. शिवाय सह्याद्रीतील बहुतेक भटकंती एक-दोन दिवसांची, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळण्याची शक्यता मोठी, आणि हिमालयातील आयोजित पदभ्रमणात स्वयंपाकी आणि खेचरे बरोबर असतात. तिथे या पाकिटांवर पैसे घालण्याचे कारण नाही. मराठी स्वयंपाकघरात आधीच शिजवून कोरडे केलेले अन्न काही थोडे नाही. पोहे हे भिजवून, भाजून, चेपून केलेले असतात, त्यांतील पिष्ट एकदा शिजून गेलेले असते, म्हणूनच ते थंड पाण्यातही मऊ होतात. शिवाय ते १०० ग्रॅममागे सुमारे ३५० किलोकॅलरी देतात. सातूचे पीठ, मेतकूट, कुरमुरे, शेंगदाण्याची चिक्की हे सारे त्याच पंगतीतले. सकाळ आणि दुपार या पदार्थांवर काढावी आणि फ्रीझ-ड्राइड पाकीट फक्त रात्रीच्या एका जेवणासाठी ठेवावे, ही वाटणी लांबच्या वाटेवरही खिशाला आणि पोटाला सोसते. अमेरिकेत एक पाकीट साधारण दहा ते पंधरा डॉलरांना पडते, तेव्हा दिवसाला तीन पाकिटांचा बेत फार थोड्यांना परवडेल.

भारतात सैनिकांच्या आहाराचे संशोधन म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत १९६१ पासून चालते आणि १९८४ मध्ये राकेश शर्मा यांच्याबरोबर अंतराळात गेलेले भारतीय पदार्थ तिथेच तयार झाले होते. सर्वसामान्य ग्राहकाला दुकानात मिळणारे राजमा-पुलावाचे तयार पाऊच मात्र बहुधा दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे ओल्या अन्नावर दाबाखाली उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असतात. त्यांना रिटॉर्ट पाऊच म्हणतात. ते टिकतात, चवीला चांगले असतात, पाण्याशिवाय खाता येतात, परंतु त्यांच्यात पाणी तसेच असते आणि १०० ग्रॅममागे साधारण १०० ते १५० किलोकॅलरीच मिळतात. दोन्ही पाकिटे दिसायला सारखी असल्यामुळे खरेदीत गल्लत होते. हातात घेऊन हलवावे: खुळखुळले तर कोरडे, लिबलिबले तर ओले.

उंचावर भूक मंदावते, तेलकट नकोसे होते आणि सपाटीवर आवडलेला पदार्थ समोर आला तरी घास गिळवत नाही. कितीही पौष्टिक पाकीट पोटात गेलेच नाही तर त्याचे वजन फुकट वाहिल्यासारखे होते. स्वस्त पडतात म्हणून एकाच चवीची डझनभर पाकिटे घेणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक असते, कारण चौथ्या रात्री त्या चवीचा वासही नकोसा होतो. आमचूर, लाल तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड यांच्या चिमूटभर पुड्या बरोबर असल्या तर तेच जेवण रोज थोडे वेगळे लागते. आणि जे पाकीट न्यायचे ते आधी एका संध्याकाळी, दिवसभर चालून आल्यावर, घरीच पाणी घालून पूर्ण खाऊन पाहावे. पोट भरते का, रात्री गुबारा धरतो का, सकाळी पोट साफ होते का, हे डोंगरात कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

राहता राहिले रिकामे पाकीट. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटवून ते बनवलेले असते, त्यामुळे ते कुजत नाही आणि नेहमीच्या पुनर्वापराच्या यंत्रणेत जातही नाही; शेकोटीत टाकले तर प्लॅस्टिक विषारी धूर होऊन जाते आणि ॲल्युमिनियमचे तुकडे राखेत तसेच राहतात. त्याचे वजन वीसेक ग्रॅम असते. ज्याने भरलेले पाकीट डोंगरावर नेले त्याने ते रिकामे पाकीट घडी घालून, त्यात दिवसाचा बाकीचा कचरा भरून, खाली घेऊन यावे.